कुरकुर कोठून येते?

मोटार बाळगणाऱ्याला देवाने दोन कान दिले आहेत. एक गाडीचा आवाज ऐकायला आणि दुसरा तो सोडून द्यायला. निदान माझी तरी गेल्या दसऱ्यापर्यंत तशीच समजूत होती.

आमची गाडी पंधरा वर्षांची. गेल्या वर्षी पावसाळा संपला आणि ती कुरकुरू लागली. फाटकातून बाहेर काढताना स्टिअरिंग वळवले की 'कर्रर्र', उलट वळवले की पुन्हा 'कर्रर्र'. सरळ रस्त्याला लागली की गप्प! सौ. म्हणाली, "अहो, ही काहीतरी सांगतेय." मी रेडिओ मोठा केला.

एवढ्यात मुलीचा फोन आला. दिवाळीत दोन्ही मुलांना घेऊन ती पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगावला, सासरी, जाणार होती. आणि गाडी आमची नेणार होती. आता मात्र माझा दुसरा कान बंद झाला.

पहिल्या गॅरेजात पोराने बॉनेट उघडले, पॉवर स्टिअरिंगच्या डबीत थोडे तेल ओतले आणि "झालं काम, काका," म्हणून पैसे घेतले. कुरकुर माझ्याबरोबर घरी आली. दुसरीकडे निदान झाले, "सगळा रॅक बदलावा लागेल." आकडा ऐकून मीच कुरकुरलो. शेवटी शेजाऱ्यांनी एका वृद्ध मिस्त्रींकडे पाठवले. वडाखाली पत्र्याची शेड, एवढाच त्यांचा कारखाना.

त्यांनी बॉनेटला हातच लावला नाही. म्हणाले, "साहेब, इंजिन बंद करा. किल्ली तेवढी एक घर फिरवून ठेवा, म्हणजे स्टिअरिंगचं कुलूप सुटेल. आता वळवा."

इंजिन बंद, त्यामुळे स्टिअरिंग जड झालेले. जोर लावून वळवले. 'कर्रर्र'!

"मग पंप सुटला. तो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन बंद, तर पंप मुका."

पंपाची भाषाच वेगळी असते, हे त्यांनी समजावून सांगितले. तेल कमी झाले किंवा त्यात हवा शिरली, की तो कण्हतो आणि इंजिनाचा वेग वाढला की त्याचे कण्हणेही वाढते. पट्टा सैल असेल तर किंचाळी ऐकू येते, विशेषतः स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवले म्हणजे. "आणि तेल कमी झालं म्हणजे ते कुठंतरी गळलं. गळती न शोधता वरून ओतणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी." काही नव्या गाड्यांत तेलाऐवजी विजेची मोटर असते, तेथे हा तेलाचा प्रश्नच नाही.

दुसरा प्रश्न आला, "उभ्या गाडीत वाजतं, की चालत्या?" दोन्हीकडे वाजत होते. चालत्या गाडीत, वळणावर वेग देताना 'टक्-टक्-टक्' झाले असते, तर त्यांनी पुढच्या ॲक्सलचा बाहेरचा सांधा आधी पाहिला असता. त्याचे रबरी टोपण फाटले की ग्रीस उडून जाते, धूळ आत शिरते आणि सांधा झिजतो.

मग मी स्टिअरिंग फिरवीत राहिलो आणि त्यांनी पुढच्या स्प्रिंगवर हात ठेवला. शॉकॲब्सॉर्बरच्या माथ्यावरचे बेअरिंग अडकले असले, तर स्प्रिंग पिळली जाते आणि 'टण्' करून सुटते. ती शांत होती. शेवटी त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला. टोक एकेका सांध्यावर टेकवायचे आणि मूठ कानाजवळच्या हाडाला, डॉक्टरांच्या नळीसारखी! डाव्या चाकाच्या खालच्या बॉल जॉइंटपाशी ते थांबले. त्यांनी मला खाली बोलावले आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. जात्यात खडा सापडावा तसा आवाज माझ्या डोक्यात शिरला.

सांध्याचे रबर फाटले होते. ग्रीस पावसात धुऊन गेले होते आणि आतून तांबूस गंजाचे पाणी ओघळत होते. गाडी जॅकवर उचलून त्यांनी खाली भक्कम स्टँड लावला. लोंबत्या चाकाला वरून-खालून धरून हलवले. 'खट्!' मला ब्रेक दाबून धरायला सांगितले. चाकाच्या बेअरिंगचा ढिलेपणा ब्रेकने बहुधा नाहीसा होतो. पुन्हा 'खट्!'

"हा निखळला, तर काय होतं?" मी विचारले.

"चाक कोलमडतं, साहेब. स्टिअरिंग तुमच्या हातात राहतं, पण चाक तुमचं ऐकत नाही."

ताम्हिणीचे एक वळण माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. मागच्या आसनावर दोन नातवंडे. आणि मी रेडिओ मोठा केला होता!

दुपारपर्यंत नवा सांधा बसला. नट नवा, त्यात घालायची पिनही नवी. उजवीकडचा सांधाही त्यांनी तसाच तपासला. तो ठीक निघाला. चाकांचे अलाइनमेंट करून घ्यायला मात्र बजावून सांगितले. रॅक जागच्या जागी राहिला. बिल पाहिले, तर त्या मोठ्या आकड्याच्या पासंगालाही पुरणारे नव्हते.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मुलगी निघाली. फाटकातून गाडी वळली, तेव्हा आम्ही दोघेही कान देऊन उभे होतो. काही ऐकू आले नाही. दुपारी माणगावहून फोन आला, "बाबा, पोहोचलो. पण तुमच्या गाडीचा रेडिओ इतका मोठा का लावून ठेवलाय?"

सौ. माझ्याकडे पाहून हसली. मी उत्तर दिले नाही.