कित्ता गिरवता गिरवता

लहानपणी अक्षर कसे शिकलो, आठवते ना? मास्तरांनी पाटीवर काढून दिलेल्या अक्षरावरून पुन्हा पुन्हा पेन्सिल फिरवून. त्याबद्दल आपल्याला कोणी चोर म्हटले नाही. पण एखादा गाणारा असाच कित्ता गिरवू लागला, की लोक ‘नक्कल, नक्कल’ म्हणून मोकळे होतात. हे कितपत बरोबर? अमेरिकेतल्या चार मुलांच्या उदाहरणावरून आज हा प्रश्न थोडा तपासून पाहू.

मिशिगन राज्यात फ्रँकनमुथ नावाचे एक गाव आहे. १८४५ साली जर्मनीतल्या बव्हेरियातून आलेल्या लोकांनी ते वसवले. वस्ती पाच हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढी. २०१२ साली इथल्या किश्का घराण्यातल्या तीन भावांनी वाद्यवृंद काढला. जॉश आणि जेक हे जुळे, तेव्हा सोळा वर्षांचे. धाकटा सॅम तेरा वर्षांचा. पुढल्याच वर्षी डॅनी वॅग्नर हा त्यांचा मित्र ड्रम वाजवायला आला. गावातल्या एका वृद्ध बाईंच्या नावातले एक अक्षर गाळून त्यांनी नाव घेतले : ग्रेटा व्हॅन फ्लीट.

आता गंमत पाहा. मुले एकविसाव्या शतकातली, पण त्यांचे संगीत १९७० च्या सुमाराचे वाटे! याचे मूळ घरातच होते. आईवडिलांनी जपलेल्या जुन्या तबकड्या ऐकत मुले वाढली आणि त्यांत ‘ब्लूज’ पुष्कळ होते. ब्लूज हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे, गुलामगिरीच्या दुःखातून उगवलेले गाणे. खेड्यातून ते शिकागोसारख्या शहरात आले आणि विजेच्या गिटारवर वाजू लागले. १९६० नंतर इंग्लंडमधल्या तरुणांनी तेच उचलले, आवाज वाढवला, ड्रम जड केले. त्यातून ‘हार्ड रॉक’ घडले. १९६८ साली लंडनमध्ये स्थापन झालेला लेड झेपेलिन हा त्यातला मोठा वाद्यवृंद.

या संगीतातला तो खरखरीत, भरदार आवाज येतो कुठून? जत्रेतल्या कर्ण्याचा आवाज फार वाढवला की तो फाटतो, हे तुम्ही ऐकलेच असेल. ध्वनीची लहर यंत्राच्या ताकदीबाहेर गेली की तिचे शेंडे कापले जातात आणि मूळ सुरात नवे उपस्वर मिसळतात. जुन्या रेडिओत असत तसे व्हॉल्व्ह ध्वनिवर्धकात असले, तर हे कापणे सहसा हळुवार होते आणि फाटलेला आवाजही कानाला गोड लागतो. कर्ण्यात जो दोष, तोच इथे गुण! जेकने त्यासाठी १९६१ सालची गिब्सन गिटार वापरली. त्यावर जॉशचा उंच, टिपेचा गळा. मग जुन्या काळाची आठवण न होते तरच नवल.

२०१७ साली त्यांचे ‘हायवे ट्यून’ गाजले. त्याच वर्षी आलेल्या ‘फ्रॉम द फायर्स’ या ध्वनिमुद्रिकेला २०१९ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. पण टीकाही सडकून झाली. ही लेड झेपेलिनची नक्कल आहे, असे अनेकांनी म्हटले. टीका अगदीच खोटी होती असे नाही. काही गाणी ऐकताना साम्य लपत नाही.

पण ज्यांची नक्कल म्हणायची, त्यांनी तरी काय केले होते? शिकागोचे ब्लूज रचनाकार विली डिक्सन यांनी १९८५ साली लेड झेपेलिनवर दावा लावला. १९६९ च्या ‘होल लॉटा लव्ह’ या गाण्यात आपले शब्द घेतले, पण आपले नाव दिले नाही, ही त्यांची तक्रार. १९८७ साली तडजोड झाली आणि पुढे त्या गाण्यावर त्यांचे नाव आले. उलट फ्रँकनमुथच्या मुलांनी ‘फ्रॉम द फायर्स’मध्ये सॅम कुक यांचे १९६४ सालचे गाणे त्यांच्या नावानिशी गायले. आणि ती तिथेच थांबली नाहीत. २०२१ सालच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या शेवटी जवळजवळ नऊ मिनिटांचे, विस्ताराने रंगवलेले गाणे आहे. अक्षराला वळण लागल्यावर हात स्वतःचे काही लिहू पाहतो, तसेच हे.

तेव्हा मला वाटते, दुसऱ्याचे घेणे हा गुन्हा नव्हे. गुन्हा आहे तो घेतलेले लपवणे, आणि दोष आहे तो जन्मभर कित्ताच गिरवत बसणे. गुरुजी, तुमच्या वर्गातला एखादा पोरगा ऐकलेले गाणे हुबेहूब म्हणत असेल, तर त्याला हसू नका. त्याला दोनच गोष्टी विचारा : हे तू कोणाकडून घेतलेस? आणि आता तुझे स्वतःचे काय ऐकवतोस?