स्पंदित विद्युत् चुंबकीय क्षेत्र चिकित्सा

वेदनाशमनासाठी किंवा ऊतके (समान रचना व कार्य असलेल्या पेशींचे समूह) भरून येण्यास मदत व्हावी म्हणून शरीराचा एखादा भाग ठराविक अवधीने वाढणाऱ्या व ओसरणाऱ्या दुर्बल चुंबकीय क्षेत्रात ठेवण्याच्या उपचारास स्पंदित विद्युत् चुंबकीय क्षेत्र चिकित्सा म्हणतात. हा भौतिकी चिकित्सेचा एक प्रकार असून त्यात त्वचेला छेद द्यावा लागत नाही. न जुळणारे अस्थिभंग, गुडघ्याचा झिजेमुळे होणारा संधिवात व शस्त्रक्रियेनंतरची सूज यांमध्ये ती मुख्यतः वापरतात. हाडांवरील उपयोगामागे संशोधनाची दीर्घ परंपरा आहे. वेदनाशमनाचे दावे मात्र पुराव्याच्या बरेच पुढे गेलेले दिसतात.

बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या संवाहकात विद्युत् प्रवाह निर्माण होतो, हे मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले. क्षारयुक्त द्रवांमुळे शरीरातील ऊतके विद्युत् संवाहक असतात. तारेच्या वेटोळ्यातून विजेचे स्पंद सोडले म्हणजे वेटोळ्याखालील ऊतकांत अतिशय क्षीण प्रवाह प्रवर्तित होतात. वेटोळ्याचे क्षेत्र सामान्यतः ०·१ पासून काही मिलिटेस्लापर्यंत असते. मुंबईच्या परिसरात पृथ्वीचे क्षेत्र सु. ०·०४ मिलिटेस्ला आहे. स्पंदांची कंप्रता (दर सेकंदास होणारी आवर्तने) बहुधा १०० हर्ट्‌झपेक्षा कमी ठेवतात. २७·१२ मेगॅहर्ट्‌झच्या रेडिओ तरंगांचे तुटक स्पंद देणारी उपकरणेही असतात. लघुतरंग ऊष्माचिकित्सेत याच कंप्रतेचा उपयोग ऊतके तापविण्यासाठी करतात; येथे स्पंदांमध्ये विराम ठेवून उष्णता जाणवू दिली जात नाही.

प्रवाह निर्माण होतो तो क्षेत्र बदलत असताना, ते स्थिर असताना नव्हे. त्यामुळे बाजारात मिळणारे चुंबकीय पट्टे, कडी व गाद्या यांचा या चिकित्सेशी केवळ नावापुरता संबंध आहे. रक्तातील लोहाला चुंबक ओढतो व त्यामुळे रक्ताभिसरण सुधारते, असे विक्रेते सांगतात. परंतु हीमोग्लोबिनातील लोह खिळ्यातील लोखंडाप्रमाणे ओढले जात नाही. तसे असते तर १·५ टेस्ला तीव्रतेच्या चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शक यंत्रात शिरलेल्या रुग्णाची धडगत नसती.

हाडावर भार पडला असता त्यावर विद्युत् भार निर्माण होतो, असे एइची फुकादा व इवाओ यासुदा या जपानी संशोधकांनी १९५७ मध्ये सिद्ध केले. हाडाची जडणघडण अशा विद्युत् संकेतांनुसार होत असेल, तर ते संकेत बाहेरून देता येतील, हा विचार त्यातून पुढे आला. न्यूयॉर्कमधील अँड्रू बॅसेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये वेटोळ्यांच्या साहाय्याने हाड भरून येण्याचा वेग वाढविल्याचे प्रसिद्ध केले आणि १९७९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने न जुळणाऱ्या अस्थिभंगांसाठी या उपकरणांना मान्यता दिली. या उपचारात वेटोळे दररोज कित्येक तास, अनेक महिने बांधावे लागते. मोडलेल्या टोकांमधील फट हाडाच्या निम्म्या रुंदीपेक्षा अधिक असल्यास त्याचा उपयोग होत नाही.

पुढील चाचण्यांनी हा उत्साह मर्यादित केला. शेफील्ड येथील अँटनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये नडगीच्या न जुळलेल्या हाडांवर चाचणी केली. काही रुग्णांना खरे, तर काहींना हुबेहूब दिसणारे पण निष्क्रिय यंत्र देण्यात आले. हाडे दोन्ही गटांत जुळली. दीर्घकाळ पायावर भार न देणे हाच उपचार दोहोंत समान होता. (याच बार्कर यांनी १९८५ मध्ये कितीतरी तीव्र स्पंदांनी मेंदू उद्दीपित करून दाखविला, ते तंत्र आता नैराश्यावरील उपचारांत वापरतात.) १९९० मध्ये ४५ रुग्णांवर झालेल्या अशाच एका चाचणीचा निष्कर्ष मात्र अनुकूल निघाला. २०११ मधील कॉक्रन समीक्षेत चार चाचण्यांतील १२५ रुग्णांची माहिती एकत्र करूनही निश्चित निर्णय देता आला नाही.

वेदनेच्या बाबतीत सर्वांत जास्त अभ्यास संधिवाताचा झाला आहे. २०१३ मधील कॉक्रन समीक्षेत नऊ चाचण्या व ६३६ रुग्ण होते. वेदना मध्यम प्रमाणात कमी झालेली आढळली, परंतु हालचालीची क्षमता व एकंदर जीवनमान सुधारल्याचे स्पष्ट झाले नाही. पेशींवरील ॲडिनोसीन ग्राही या क्षेत्रामुळे अधिक कार्यशील होऊन शोथ (दाहयुक्त सूज) कमी होत असावा, असे प्रयोगशाळेतील काही निरीक्षणांवरून मानतात. झिजलेली कूर्चा पूर्ववत होते, या विधानास माणसांवरील चाचण्यांचा आधार नाही.

मुंबईच्या गिरणगावात हा फरक विशेष अर्थपूर्ण ठरतो. लालबाग-परळच्या कापड गिरण्यांतील साचे खात्यात कामगार संपूर्ण पाळी उभ्याने काढीत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि तो कामगारवर्ग वृद्ध झाला. चाळीचे जिने, जमिनीवरची बैठक व उकिडवे बसावे लागणारे सामाईक संडास यांमुळे दुखरा गुडघा येथे रोजच्या जगण्यातच आड येतो. अशा व्यक्तीस नुसती वेदना कमी होऊन पुरत नाही, जिना चढता आला पाहिजे. आणि नेमके तेच या यंत्राने साधते असे सिद्ध झालेले नाही. मांडीच्या पुढील स्नायूंना बळ देणारे व्यायाम मात्र वेदना व हालचाल या दोन्ही बाबतींत उपयुक्त ठरले असून ते दहा बाय बाराच्या खोलीतही करता येतात. ते शिकविण्याची सोय याच भागात आहे. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५३ मध्ये भारत सरकार, मुंबई महानगरपालिका व जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने भौतिकी चिकित्सेचे विद्यालय सुरू झाले. हाजीअलीजवळील अखिल भारतीय भौतिकी वैद्यक व पुनर्वसन संस्था १९५५ ची. यंत्रोपचार घ्यावयाचाच झाल्यास तो व्यायामाला जोड म्हणून घ्यावा. महागड्या बैठकांसाठी पैसे मोजून व्यायाम सोडून देणारा रुग्ण दोन्हीकडून तोट्यात जातो.

योग्य प्रकारे वापरल्यास या चिकित्सेचे दुष्परिणाम सौम्य असतात. परंतु हृदयाचा ठोका नियमित करणारे गतिकारक किंवा तत्सम विद्युत् साधन शरीरात बसविलेल्या व्यक्तींना ती देऊ नये, कारण स्पंदांमुळे त्या साधनाच्या कार्यात बिघाड होऊ शकतो. गर्भवती स्त्रियांना व अर्बुद असलेल्या भागावर ती टाळतात. वाढत्या वयातील मुलांच्या हाडांच्या टोकांशी वापरतानाही सावधगिरी बाळगतात. रात्री वाढणारी, तापासह असणारी किंवा वजन घटत असताना उद्‌भवलेली वेदना जंतुसंसर्ग वा कर्करोग यांची सूचक असू शकते. तिचे निदान होण्यापूर्वी कोणताही वेदनाशामक यंत्रोपचार सुरू करू नये.