उघडा पडलेला धातू

कोलकात्याच्या उत्तरेला, विमानतळाच्या वाटेवर डमडम आहे. तिथल्या शस्त्रागारात 1890 च्या दशकात ब्रिटिशांनी एक गोळी घडवली. आत मऊ शिसं, वर कठीण धातूचं वेष्टण. फक्त टोकाशी शिसं उघडं. एवढ्याशा बदलाने गोळी अंगात शिरताच फुलायची आणि भयंकर जखम करायची. 1899 च्या हेग परिषदेने अशा गोळ्या निषिद्ध ठरवल्या.

वेष्टण सुटलं की धातूचा स्वभाव पालटतो, आणि हे आपल्या मेंदूतही घडतं!

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण प्राणवायू तो 20 टक्के फस्त करतो. त्यातून ऊर्जा मिळवून देणाऱ्या प्रथिनाच्या गाभ्यात तांबं आणि लोह बसलेलं असतं. मेंदूत निरोप पोहोचवणारं डोपामिन तयार व्हायला लोह लागतं; त्याचं नॉरअॅड्रेनॅलिन व्हायला तांबं. इलेक्ट्रॉन देण्याघेण्यात हे धातू तरबेज, म्हणून तर ते कामाचे. पण तीच हातोटी मोकाट सुटली, तर पेशीची राखरांगोळी. म्हणून प्रथिनं त्यांना एकमेकांच्या हाती थेट सोपवतात. 1999 मध्ये शास्त्रज्ञांनी यीस्टच्या पेशीतल्या मोकळ्या तांब्याचा हिशेब मांडला, तर तो निघाला पेशीमागे एका अणूहूनही कमी!

विल्सनच्या आजारात जादा तांबं बाहेर टाकणारं प्रथिनच जन्मतः सदोष असतं. तांबं आधी यकृतात, मग मेंदूत साचतं. हात थरथरतात, बोलताना जीभ अडखळते, आणि बुबुळाच्या कडेने सोनेरी-तपकिरी कडं उमटतं. शरीरातला धातू चक्क डोळ्यांत दिसतो! वेळीच निदान झालं, तर औषधांनी तो बाहेर काढता येतो.

अल्झायमरचं कोडं अधिक अवघड. डमडमहून अख्खं शहर ओलांडलं की दक्षिणेला जादवपूर येतं. 1876 साली स्थापन झालेली ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ आता इथे आहे; रामन परिणामाचा शोध याच संस्थेतला. इथल्या सोमदत्ता घोष डे यांच्या गटाने रुग्णांच्या मेंदूत साचणारं अमायलॉइड बीटा हे प्रथिन आणि रक्ताला लाली देणारं लोहयुक्त हीम यांची जोडी तपासली. हीम चिकटलं की प्राणवायूची उपद्रवी रूपं तयार होतात. उंदराचं अमायलॉइड बीटा आपल्याहून फक्त तीन अमिनो आम्लांनी वेगळं असतं, आणि या विक्रियांत कळीची ठरलेली अमिनो आम्लं नेमकी त्या तिघांतली! उंदराला आपसूक अल्झायमर होत नाही, हे इथे आठवावं.

मग धातू उपसूनच काढावा का? डोपामिन कमी पडणाऱ्या पार्किन्सन्सच्या आजारात मेंदूच्या काही भागांत लोह वाढतं. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 372 रुग्णांपैकी निम्म्यांना लोह ओढून घेणारं डेफेरिप्रोन 36 आठवडे दिलं. लोह घटलं, लक्षणं मात्र इतरांपेक्षा बळावली. डोपामिन बनवायलाच लोह लागतं, हे त्यामागचं एक संभाव्य कारण. मेंदूतला धातू कमी करणं आज जमतं. उपद्रवी अणू तेवढे वेचून कामाचे जागेवर ठेवणं, खरी कसोटी तिथे आहे.