भाताचं पान पाथर्डीला कशाला?

नागापूरच्या किंवा सुप्याच्या एमआयडीसीत ऑटोकॅडवर बसणाऱ्या ड्राफ्ट्समनला ‘लिस्प’ हा शब्द नवा नाही. “ती लिस्प लोड कर” म्हटलं की तो ॲपलोडची कमांड देतो आणि तासाभराचं किचकट काम मिनिटात उरकतो. ही भाषा म्हणजे ऑटोलिस्प. ऑटोकॅडमध्ये ती 1986 साली आली. घराणं मात्र जॉन मॅकार्थी यांनी 1958 मध्ये एमआयटीत सुरू केलेल्या लिस्पचं.

या फाइलींचं एक जुनं दुखणं आहे. विंडोजवर सुरळीत चालणारी फाइल मॅकवरच्या ऑटोकॅडमध्ये कधी कधी अडखळते, कारण विंडोजची ॲक्टिव्हएक्स ही सोय तिथे नाही. मग एकाच फाइलीत दोघांचा मजकूर ठेवावा लागतो. त्यातला योग्य तो निवडायचा, हे ठरलं. पण निवडायचा कधी?

समजा, अहिल्यानगर जिल्ह्यासाठी खरिपाची पुस्तिका काढायची आहे. अकोले तालुक्यात (विदर्भातलं अकोला नव्हे, आपलं अकोले) घाटघरला पाऊस कोसळतो, तिथे भात. पाथर्डीला बाजरी. सगळी पानं छापून ‘अकोलेकरांनी पान 12 पाहावं’ असं लिहिता येईल. मग निवड वाचणारा करील, दर वेळी करील. किंवा छापखान्यातच पाथर्डीच्या प्रतीतून भाताची पानं वगळता येतील. ती कधी होती हे पाथर्डीकराला कळणारही नाही. ही दुसरी रीत म्हणजे कंडिशनल कंपायलेशन: प्रोग्राम चालताना नव्हे, तो यंत्रासाठी तयार होतानाच, म्हणजे कंपाइल होतानाच, केलेली निवड.

सी भाषेतही ही रीत आहे, पण तिथला प्रीप्रोसेसर, म्हणजे कंपाइल होण्याआधी मजकूर छाटणारा, आंधळेपणाने कात्री चालवतो. वाक्यरचना त्याला कळत नाही. उघडलेला कंस वगळलेल्या भागात बंद होत असला, तरी त्याला पत्ता नसतो. लिस्पमध्ये प्रोग्राम हीच कंसात बांधलेली यादी, आणि याद्या हाताळणं हा तर लिस्पचा पिढीजात धंदा. 1963 मध्ये टिमोथी हार्ट यांनी एमआयटीतल्या एका टिपणात लिस्पसाठी मॅक्रो सुचवले. मॅक्रो म्हणजे असा छोटा प्रोग्राम, की ज्याच्या हाती दुसऱ्या प्रोग्रामचा तुकडा यादी म्हणून येतो आणि जो त्याची नवी यादी करून देतो, तीही कंपाइल होतानाच. ही सोय या यंत्रावर आहे का, आवृत्ती कोणती, हे तो अख्खी भाषा वापरून तपासू शकतो. छापखान्यातल्या जुळाऱ्यालाच शेतीही कळावी, तसं.

लिस्पच्या कॉमन लिस्प या बोलीत याच्याही आधीची एक पायरी आहे: #+ ही खूण. खुणेपुढचं नाव त्या लिस्पच्या ‘फीचर्स’च्या, म्हणजे सोयींच्या, यादीत नसेल, तर त्यापुढचा मजकूर वाचतानाच टाकून दिला जातो. साधं ‘इफ’ का पुरत नाही? कारण कॉमन लिस्पच्या एका अवतारातल्या पॅकेजचं, म्हणजे नावांच्या गटाचं, नाव दुसऱ्या अवताराला ठाऊक नसलं, तर तो वाचतानाच थबकतो. ‘इफ’ तपासायची पाळीच येत नाही. मॅक्रोलाही तोवर उशीर झालेला असतो. क्लोजर या लिस्पच्याच घराण्यातल्या भाषेने 2015 मध्ये 1.7 या आवृत्तीत अशाच खुणा आणल्या. ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरच्या लिस्पने मात्र 2025 मध्ये, तिसाव्या आवृत्तीत, ‘स्टॅटिक-इफ’ हा चक्क मॅक्रोच दिला.

सोय मोठी, पण छापखान्यात झालेली निवड गोठते. एका आवृत्तीवर कंपाइल केलेली फाइल दुसरीवर नेली, की ती जुन्याच उत्तरावर अडून बसते. पाथर्डीची प्रत अकोल्याला पोहोचली तर भात लावणाऱ्याने करायचं काय?

गंमत अशी, की ऑटोलिस्पमध्ये मॅक्रो नाहीतच. आपला ड्राफ्ट्समन ‘इफ’ लावून दर वेळी तपासतो, आणि ते निभावतं. कारण अनोळखी फंक्शनचं नाव फाइलीत नुसतं असलं म्हणून ऑटोलिस्प कुरकुरत नाही, त्याला प्रत्यक्ष हाक मारली तरच अडते. ड्रॉइंगच्या कामाला एवढं पुरे, असं माझं मत. हाताशी एखादी फाइल असेल तर नोटपॅडमध्ये उघडा आणि त्यातलं असं ‘इफ’ शोधून पाहा.