कोऱ्या लाकडाला कापडाचा रंग : चौरंग आणि पाट घरी कसे रंगवावेत

गणपती जवळ आले की बडोद्यातल्या मराठी घरांत चौरंग आणि पाटांची आठवण होते. सुताराकडून आणलेला नवा चौरंग कोऱ्या लाकडाचा असतो. त्यावर ऑइलपेंट मारला की लाकडाच्या सुंदर रेषा झाकल्या जातात. त्याऐवजी कापड रंगवायच्या रंगाची पुडी वापरून पाहावी. पेंटमधले रंगकण पृष्ठभागावर थर करून बसतात. कापडाचा रंग पाण्यात विरघळतो आणि लाकडात मुरतो. म्हणून लाल, हिरवा, निळा असा गडद रंग देऊनही रेषा दिसत राहतात.

लाकूड फिकट हवे. पाइन, आंबा, शिवण यांवर रंग खुलतो. सागवान मुळातच तपकिरी असल्याने त्यावर पिवळा किंवा निळा रंग मनासारखा येत नाही.

आधी पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो मुरला तर लाकूड कोरे आहे. मोत्यासारखा वर राहिला तर जुने पॉलिश शिल्लक आहे आणि ते पूर्ण काढावे लागेल. १२० आणि मग १८० नंबरच्या पॉलिश पेपरने, नेहमी रेषांच्या दिशेने घासावे. मग ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावे. पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहतात. ते २२० नंबरने हलकेच घासून घेतले की रंग दिल्यावर पृष्ठभाग खरखरीत होत नाही. फेव्हिकॉलचे डाग राहिले असतील तिथे रंग चढत नाही, तेही खरवडून टाकावेत.

एक कप गरम पाण्यात चमचाभर रंग ढवळावा आणि गाळून घ्यावा. कापडासाठी घालतो ते मीठ येथे वेगळे घालू नये, लाकडावर पांढरी पूड उठते. त्याच लाकडाच्या तुकड्यावर आधी रंग लावून, वाळवून, वर व्हार्निश देऊन पाहावे. ओला आणि वाळलेला रंग फार वेगळे दिसतात. मग रबरी हातमोजे घालून फडक्याने सलग रंग द्यावा आणि जास्तीचा लगेच पुसावा. फळीची कापलेली टोके रंग जास्त पितात, म्हणून ती आधी साध्या पाण्याने ओली करावीत. चौरंग रंगाच्या पाण्यात बुडवू मात्र नये, सांधे सुटतात आणि फळी वाकते.

खरे काम यानंतरचे. पाण्यात विरघळणारा रंग पाण्यानेच सुटतो. चौरंगावर अभिषेकाचे पाणी सांडले तर पांढरे वस्त्र लाल व्हायला वेळ लागत नाही. पाटावर बसणाऱ्याच्या धोतराचेही तेच. म्हणून लाकूड पूर्ण वाळल्यावर, पावसाळ्यात दोन-तीन दिवस थांबून, वरून, खालून आणि कडांना पारदर्शक तेलाचे व्हार्निश द्यावे. पाण्यात मिसळायचे व्हार्निश ब्रशने लावले तर रंगच ओघळतो. तीन हात द्यावेत आणि प्रत्येक हातानंतर निदान एक दिवस थांबावे. पहिल्या हातानंतर पॉलिश पेपर लावू नये, कडांचा रंग निघून जातो. व्हार्निशची फडकी गोळा करून ठेवू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळी पसरून वाळवावीत. शेवटी ओल्या पांढऱ्या कापडाने चौरंग घासून पाहावा. कापड स्वच्छ राहिले तरच तो पूजेला घ्यावा.

पोळपाट, लाटणे, परात अशा अन्नाला लागणाऱ्या वस्तूंना हा रंग अजिबात देऊ नये. रंगवलेली वस्तू उन्हाच्या खिडकीतही ठेवू नये. कापडासारखाच हा रंगही उन्हाने विटतो.

आणखी एक विनंती. घरात संखेड्याचा जुना झोपाळा किंवा पाळणा असेल तर तो घासून कोरा करू नका. त्याचा रंग लाखेतला आहे आणि नक्षीही त्या थरातच आहे. एकदा घासली की ती परत येत नाही. अशी वस्तू संखेड्याच्या खराद्यालाच दाखवावी. कापडाच्या रंगाचे प्रयोग नव्या, कोऱ्या लाकडावर खुशाल करावेत.