पाकिटाच्या दोन थरांमधला गोंद

किराणा दुकानात दोरीला लटकणारे मसाल्याचे पाकीट हातात घेतले तर ते एकाच प्लॅस्टिकचे असावे असे वाटते. कोपरा फाडून चोळून पाहिले की थर दोन-तीन असल्याचे कळते. बाहेरचा पॉलिएस्टरचा असतो व त्याच्या आतल्या बाजूला छपाई असते. आतला पॉलिथिनचा असतो. तो गरम करून दाबला की सील होतो. मालाला हवा व उजेड लागू द्यायचा नसेल तर मध्ये ॲल्युमिनियमची पन्नी घालतात. हे थर धरून ठेवणारा गोंद एका चौरस मीटरला जेमतेम दीड ते चार ग्रॅम असतो. पण माल टिकणे, गिऱ्हाईक टिकणे आणि खाणाऱ्याची तब्येत या तिन्ही गोष्टी त्यावर अवलंबून असतात.

आमच्या ओळखीच्या एका लोणचे विक्रेत्याने हा धडा नुकसान सोसून घेतला. ऐन पावसाळ्यात त्याच्या पाऊचला फोड आले, थर सुटले आणि दुकानदारांनी माल परत पाठवला. दोष लोणच्यात नव्हता. लॅमिनेशन करून देणाऱ्याने रोल पुरता पिकू न देताच घाईने पाठवला होता. मसाला, फरसाण, खजूर, लोणचे यांचा धंदा करणारे आणि जॉबवर्कवर लॅमिनेशन करणारे आमचे अनेक वाचक आहेत. त्यांच्यासाठी ही माहिती देत आहोत.

गोंदाचे दोन भाग

हा गोंद पॉलियुरेथेन जातीचा असतो. त्याचे रसायनशास्त्र जर्मनीत ऑटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये शोधले. यात दोन भाग येतात. एक आयसोसायनेटचा, दुसरा पॉलिऑलचा. मशीनवर दोन्ही ठरलेल्या प्रमाणात मिसळले की त्यांची एकमेकांशी साखळी जुळते व गोंद पक्का होतो. पॉलिऑलच्या भागात एरंडेल तेलही वापरता येते. एरंडीच्या पिकात आपला देश जगात पहिला आहे व त्यातही गुजरात आघाडीवर आहे. म्हणजे हा कच्चा माल आपल्या दाराशीच आहे.

आयसोसायनेट म्हटले की १९८४ चे भोपाळ आठवते. तेथे गळलेला मिथाइल आयसोसायनेट ३९ अंशांनाच उकळतो. गोंदात वापरला जाणारा एमडीआय त्याच कुळातला असला तरी साध्या तापमानाला त्याची वाफ फार थोडी होते. तरीही बेफिकीर राहून चालणार नाही. गरम एमडीआयची वाफ किंवा तुषार छातीत गेल्यास कामगाराला दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही त्रास उसळतो. हवा खेळती ठेवणे, हातमोजे व चष्मा देणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

पाणी हा खरा शत्रू

गोंद बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण ओलावा. १ ग्रॅम पाणी सुमारे १४ ग्रॅम एमडीआय खाऊन टाकते आणि वर सव्वा लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड वायू सोडते. पाऊचवरचे फोड पुष्कळदा या वायूचेच असतात. ओलावा शिरलेला एमडीआयचा ड्रम घट्ट बंद केला तर आतल्या दाबाने तो फुटूही शकतो.

म्हणून टिकाऊ गोंद बनवणारा कारखानदार आधी पॉलिऑल १०० अंशांच्या वर तापवून, हवा ओढून घेऊन कोरडा करतो. मग कोरड्या नायट्रोजनखाली एमडीआयमध्ये तो हळूहळू सोडतो व तापमान ७० ते ८० अंशांच्या आसपास धरतो. त्याहून बरेच वर गेले की नको त्या जोडण्या होतात, माल दाट होत जातो आणि शेवटी ड्रममध्येच जेली होते. काही पॉलिऑलमध्ये क्षाराचा अंश उरलेला असतो, त्यानेही हेच घडते. तो मारण्यासाठी फॉस्फोरिक ॲसिड किंवा बेन्झॉइल क्लोराइड अगदी थेंबभर घालतात. शेवटी डायब्युटिलअमाइनने तपासणी करून आयसोसायनेटचे प्रमाण हिशेबाप्रमाणे आले की माल थंड करून कोरड्या ड्रममध्ये भरतात.

वापरणाऱ्यानेही तेवढेच जपावे. पातळ करण्यासाठी इथाइल ॲसिटेट घ्याल तर युरेथेन ग्रेडचेच घ्या. साध्या मालातले पाणी व अल्कोहोल हार्डनर खाऊन टाकतात. छपाईच्या शाईत अल्कोहोल उरले असेल तरी तेच होते. इथाइल ॲसिटेट शून्याखालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. मशीनला अर्थिंग हवेच. उघडलेला डबा पावसाळ्यात रात्रभर तसाच ठेवू नये.

घाई का नको?

लॅमिनेट मशीनवरून उतरले म्हणजे काम संपले असे नाही. ते ४० ते ५० अंशांच्या गरम खोलीत एक ते तीन दिवस, आणि गोंदाच्या जातीनुसार त्याहून अधिक काळ ठेवावे लागते. मिश्रणाचे प्रमाण चुकले किंवा मुदत कापली तर सुटा आयसोसायनेट शिल्लक राहतो. तो आतल्या पॉलिथिनमधून पलीकडे झिरपतो. तेथे ओलाव्याशी गाठ पडून त्याचे ॲरोमॅटिक अमाइन बनते. एमडीआयपासून बनणारे अमाइन कर्करोगकारक असण्याची शक्यता आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचे वर्गीकरण सांगते.

युरोपात २०११ च्या नियमावलीनुसार अशी अमाइन अन्नात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम या तपासणी-मर्यादेपर्यंत सापडता कामा नयेत. २०२० च्या दुरुस्तीने त्यातील काहींसाठी ही मर्यादा ०.००२ मिलिग्रॅमवर आणली. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची २०१८ ची पॅकेजिंग नियमावली १ जुलै २०१९ पासून लागू आहे. तीनुसार प्लॅस्टिक वेष्टनातून अन्नात झिरपणारे एकूण द्रव्य किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या, किंवा चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅमच्या आत हवे. तपासणी आयएस ९८४५ प्रमाणे होते.

पाऊच घेताना

पाऊच विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याला प्रयोगशाळेची गरज नाही. चार गोष्टी पाळल्या तरी बरेच साधते.

एक, आपण काय भरणार ते आधी सांगा. लोणच्याचे आम्ल, तेल आणि गरम मसाल्यातली उडणारी तेले साध्या गोंदाला सोडवतात. त्यासाठी वेगळा गोंद लागतो. दोन, रोलवर लॅमिनेशनची तारीख मागा व ताजा रोल लगेच भरायला घेऊ नका. तीन, आयएस ९८४५ चा तपासणी अहवाल मागा. तो आपल्याच जातीच्या पाऊचचा आहे ना, ते पाहा. चार, मोठी ऑर्डर देण्याआधी आपलाच माल दहा-वीस पाऊचमध्ये भरून दोन-तीन आठवडे उबदार जागी ठेवा. मग कोपरा फाडून थर ओढून पाहा. थर सहज सुटले, हाताला चिकट लागले किंवा वास आला तर तो माल घेऊ नका.

लॅमिनेशन करणाऱ्या कारागीर बंधूंना आमचे सांगणे एवढेच की, काट्यावर तोलून मिसळा, अंदाजाने नको. गिऱ्हाईक कितीही घाई करो, गरम खोलीचे दिवस कापू नका. दोन दिवस उशीर झाला तर गिऱ्हाईक रागावेल. पण रोल कच्चा गेला तर परत आलेला माल तुमच्या दारात पडेल, आणि त्या पाकिटातले अन्न तोवर कोणाच्या तरी मुलांच्या पोटात गेलेले असेल.