शाओलिनची शस्त्रे शिकायची? आधी काठी घ्या

शाओलिन म्हटले की आपल्या तरुणांना चमकणारी तलवार आठवते आणि पहिली खरेदीही तिचीच होते. आमचे मत उलट आहे. हेनान प्रांतातल्या या विहाराचे नाव झाले ते काठीमुळे. १६व्या शतकात सेनापती यू दायो यांना तिथली काठी घसरलेली वाटली, तेव्हा दोन भिक्खूंना सोबत नेऊन त्यांनी शिकवले. पुढे चेंग झोंगयो यांनी शाओलिनच्या काठीवर ग्रंथच लिहिला. (ही विद्या बोधिधर्माने दिली, हे बऱ्याच नंतरचे आख्यान आहे. आपल्या कार्यक्रमांत ते इतिहास म्हणून सांगू नये.)

काठी उभी धरली की टोक भुवईपर्यंत यावे. चीनमध्ये त्यासाठी लवचिक लाकूड वापरतात. ते बुंध्याकडे जाड, शेंड्याकडे निमुळते असते. आपल्याकडे वेत चालतो. बांबू स्वस्त, पण आपटून उभा चिरतो, म्हणून दर सरावाआधी तडे तपासावेत. गुळगुळीत वार्निश नको, घामाने हात सटकतो.

तलवार नंतर, तीही लाकडी किंवा बोथट. डाव्या हातात मूठ खाली ठेवून पाते दंडाला टेकवले की टोक कानाच्या वरच्या कडेशी यावे. स्पर्धेतली पत्र्यासारखी पाती आवाज छान करतात, पण मनगट तयार करत नाहीत. धारदार पाते तर नकोच. शस्त्र कायदा १९५९ आहे. मिरवणुकीत असे पाते सापडले तर गुन्हा पोरावर दाखल होतो आणि नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तोच आडवा येतो.